जडत्वाचे उपासक

डेट्रॉईटच्या मध्यभागातून निघून पॉन्टिॲक गावाकडे जाणाऱ्या वुडवर्ड ॲव्हेन्यूवर १९९५ सालापासून (२०२० चा अपवाद सोडता) ऑगस्टमधल्या तिसऱ्या शनिवारी जुन्या गाड्यांची जत्रा भरते. जत्रा म्हटली की देव आले, देव आले की पुजारी आले आणि पुजारी आले की सोवळेही आले. हाताची घडी घालून, उघड्या बॉनेटखाली वाकून पाहणारे गृहस्थ या जत्रेत दर दहा पावलांवर भेटतात. ते गाडी पाहत नाहीत, तपासतात. वायरींच्या वेष्टनावरचा रंग कारखान्यातून आला तसाच आहे का, इंजिनावर कोरलेला क्रमांक चासीच्या क्रमांकाशी जुळतो का, रेडिएटरच्या नळीवरचा पट्टा त्याच सालचा आहे का, असे त्यांचे प्रश्न असतात. माझ्या शेजाऱ्यांच्या १९७० च्या शेव्हेल मालिबूपाशी असेच एक गृहस्थ थांबले, बिडाच्या हेडच्या जागी ॲल्युमिनियमचे हेड पाहून त्यांचा चेहरा उतरला, एअर कंडिशनरच्या कॉम्प्रेसरची रिकामी जागा पाहून तो आणखी उतरला, आणि 'चांगली जगलेली गाडी मारलीत' असा निकाल देऊन ते पुढे गेले. शेजारी हसले. मला हसू आले नाही. हा लेख त्या निकालाविरुद्ध आहे.

आधी माझा पक्षपात उघड करून टाकते. माझी नोकरीतली बावीस वर्षे मोटारींचे वजन कमी करण्यात गेली आहेत. (मंडळाच्या स्नेहसंमेलनात हे सांगितले की समोरची बाई आहाराविषयी सल्ला विचारते, त्याला आता मी सरावले आहे.) दारातल्या एका पट्टीचे चाळीस ग्रॅम वाचवण्यासाठी आम्ही तीन-तीन महिने घालवतो. तेव्हा वजनाबद्दल कोणी भक्तिभावाने बोलू लागले की मला ते सहन होत नाही, हे मान्य. पण पक्षपात असला म्हणून युक्तिवाद चुकतो असे नाही.

मसल कार म्हणजे काय, याचे उत्तर शुद्धतावादी मंडळी एखाद्या वस्तूच्या वर्णनाने देतात: दोन दारे, आठ सिलिंडर, अमुक रंग, तमुक पट्टे. वस्तुतः ती वस्तू नव्हे, तो एक अपूर्णांक आहे. अंशस्थानी शक्ती, छेदस्थानी वजन. १९६४ ची पॉन्टिॲक जीटीओ ही या जातीची आद्य गाडी मानली जाते. जनरल मोटर्सच्या धोरणानुसार मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांहून मोठे इंजिन बसवण्यास मनाई होती. जॉन डिलोरियन आणि त्यांचे सहकारी अभियंते यांच्या लक्षात आले की पॉन्टिॲकचे ३२६ आणि ३८९ घनइंची इंजिन बाहेरून एकाच मापाचे आहे. मोठ्या, जड गाडीसाठी केलेले ३८९ चे इंजिन त्याच खुंट्यांवर मध्यम टेम्पेस्टमध्ये बसते. नवे मॉडेल म्हणून ते मांडले असते तर वरिष्ठांची परवानगी लागली असती, म्हणून ते जोडपर्याय म्हणून विकण्यात आले. पहिल्याच वर्षी ३२,४५० गाड्या खपल्या. या साऱ्या उपद्व्यापाचा गाभा काय होता? मोठे इंजिन पॉन्टिॲककडे आधीच होते, ते मोठ्या गाड्यांमध्ये चालतही होते. नवे होते ते एवढेच, की ते इंजिन हलक्या शरीरात घातले. मसल कार जन्माला आली ती छेद लहान केल्यामुळे. असे असताना अंश वाढवणारा, म्हणजे त्याच काळातले आणखी मोठे इंजिन शोधून बसवणारा, भाविक ठरतो आणि छेद कमी करणारा पाखंडी ठरतो, हे तर्कशास्त्र मला उमगत नाही.

बरे, कारखान्यांनी स्वतः काय केले ते पाहू. त्याच १९६४ साली फोर्डने फेअरलेन थंडरबोल्ट ही गाडी काढली. एकूण शंभर. पुढचे मडगार्ड आणि बॉनेट फायबरग्लासचे, बाजूच्या आणि मागच्या काचांच्या जागी प्लेक्सिग्लास. रेडिओ नाही, हीटर नाही, आवाज दाबणारे अस्तर नाही, उन्हाची झडप नाही, वायपर एकच. आतल्या दोन हेडलाइटच्या जागी जाळ्या लावून तिथून इंजिनाला हवा दिली. बॅटरी मागे डिकीत गेली. स्पर्धेच्या नियमात किमान वजन ३,२०० पौंड होते आणि गाडी त्या रेषेला जवळजवळ टेकवली होती. त्याआधी १९६३ मध्ये पॉन्टिॲकने कॅटलिनाच्या चासीलाच भोके पाडली. या मोजक्या गाड्यांना लोक अजूनही 'स्विस चीज' म्हणतात. १९६८ मध्ये क्रायस्लरने हर्स्ट कंपनीकडून हेमी इंजिनाच्या डार्ट आणि बाराकुडा करवून घेतल्या. त्यात दारांचा पत्रा आम्लात बुडवून पातळ केलेला, काच पातळ, ती वर-खाली करायला यंत्रणा नाही, नुसता एक पट्टा. मागचे आसन गायब आणि पुढची आसने व्हॅनमधली. शेल्बीच्या १९६५ च्या जीटी ३५० मधून मागचे आसन काढले गेले ते गाडी दोन आसनी 'स्पोर्ट्स कार' म्हणून शर्यतीत बसावी यासाठी. पेन्स्के यांच्या चमूने ट्रान्स-ॲम शर्यतींसाठी कॅमारोचे शरीर आम्लात बुडवले, आणि पातळ झालेल्या छपराच्या सुरकुत्या झाकायला त्यावर व्हिनाइलचे आवरण चढवले असे सांगतात. चालक-अभियंते मार्क डॉनह्यू यांनी वजनाच्या या लबाड्या स्वतःच्या पुस्तकात कबूल केल्या आहेत, आणि त्यात पश्चात्तापाचा सूर फारसा नाही. १९६९ ची झेडएल-१ कॅमारो घ्या. संपूर्ण ॲल्युमिनियमचे ४२७ घनइंची इंजिन, अवघ्या ६९ गाड्या. आज त्यांच्यापुढे लिलावात हात जोडले जातात. त्या गाडीचे सारे महात्म्य बिडाऐवजी ॲल्युमिनियम वापरण्यात आहे, आणि मालिबूवर तेच केले तर मात्र तो गुन्हा!

यावर उत्तर ठरलेले आहे: 'ते कारखान्याने केले, तुम्ही गॅरेजात करता.' म्हणजे कर्म तेच, कर्ता बदलला की पुण्याचे पाप होते. असो.

मग सर्वसामान्य गाडीत ते वजन आले कुठून? इथे माझे शेजारी माझ्याहून अधिक अधिकारी आहेत. ते पत्रा दाबण्याच्या डाय बनवणारे कारागीर. चौतीस वर्षे तेच काम करून निवृत्त झाले. त्यांच्या मते जुन्या गाडीच्या जाड पत्र्याकडे पाहून 'तेव्हा गाड्या मजबूत असत' असे म्हणणाऱ्याने आयुष्यात पत्रा हाताळलेला नाही. त्या काळचे पोलाद मऊ होते. मऊ पत्र्याला पोचा येऊ नये म्हणून तो जाड घ्यावा लागे. बाहेरचा पत्रा साधारण नऊ दशांश मिलिमीटरचा, आज सात दशांशाच्या आसपास असतो आणि तरी अधिक ताण सोसतो. बिडाची हेड आणि बिडाचे इनटेक मॅनिफोल्ड होते कारण बीड ओतणे स्वस्त. फरशीवर डांबरी अस्तराचे थर होते कारण खालच्या चासीचा खडखडाट दुरुस्त करण्यापेक्षा झाकणे स्वस्त. एकच ए-बॉडी शेव्हेल, टेम्पेस्ट, कटलास आणि स्कायलार्क अशा चार नावांनी विकायची, म्हणून तिचे कंस आणि जोड कुठल्याही इंजिनाला पुरतील इतके ढोबळ. हे वजन कोणा शिल्पकाराने योजलेले नव्हते. ते हिशेबनिसाच्या खात्यातले होते. (१९७३-७४ च्या गाड्यांच्या बंपरांचे वजन मात्र हिशेबनिसाचे नव्हे, सरकारी नियमांचे. पाच मैल वेगाच्या धडकेचा नियम आला आणि सुबक बंपरांच्या जागी ओंडके आले.) तेव्हा 'मूळ वजना'ची पूजा करणारा नेमकी कोणाची पूजा करतो, हे त्याने एकदा स्वतःला विचारावे.

आता मालिबूबद्दल. ती एसएस नाही, साधी आहे. ३५० घनइंची इंजिन, लांबलचक सलग आसन, आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक, कारण पुढचे डिस्क ब्रेक तेव्हा जादा पैशांत मिळत आणि पहिल्या मालकाने ते पैसे वाचवले. गाडी शेजाऱ्यांनी १९८० च्या दशकात घेतली, मुले तीत वाढली, आणि मग दहा-बारा वर्षे ती आच्छादनाखाली उभी राहिली. कारण साधे होते: शेजाऱ्यांचा उजवा खांदा. दोनदा शस्त्रक्रिया झाली. हिला पॉवर स्टिअरिंग नाही. मिशिगनच्या हिवाळ्याने फोडलेल्या रस्त्यांवर ती वळवताना त्यांचे डोळे पाणावत. ब्रेकचा तर आणखी धसका. एका उतारावर ड्रम तापून पाय तळाला गेला आणि गाडी सिग्नल ओलांडून थांबली. त्या दिवशी नात मागे बसली होती. त्यानंतर त्यांनी किल्ली खिळ्याला टांगली. विकायचे की उभी ठेवायची, एवढाच प्रश्न घरात उरला होता.

आम्ही ती गाडी प्रथम चार वजनकाट्यांवर ठेवली. अर्धी टाकी पेट्रोल, चालक नाही: ३,६४० पौंड, म्हणजे सुमारे १,६५० किलो. त्यातले ५६ टक्के पुढच्या चाकांवर. मग दोन हिवाळे काम चालले. हेड आणि इनटेक ॲल्युमिनियमचे घेतले, तिथे ६५ पौंड गेले. बिडाच्या एक्झॉस्टऐवजी नळ्यांचे हेडर, २० पौंड. फायबरग्लासचे बॉनेट, २८. एअर कंडिशनर काढला. त्याचा तो फ्रिजिडेअरचा जुना कॉम्प्रेसर एका हाताने उचलून दाखवणाऱ्याला मी जेवण द्यायला तयार आहे. सगळे सामान धरून ८५. डांबरी अस्तर खरवडण्यात तीन शनिवार गेले आणि ३० पौंड निघाले. अंगाला येणारा वास आठवडाभर गेला नाही. हलकी चाके, ३२. नव्या जातीचा लहान स्टार्टर, १०. स्टेपनी आणि जॅक, ४५ (स्टेपनी काढणे म्हणजे वजन कमी करणे नव्हे, ते घरी विसरणे होय, असा आक्षेप कोणी घेतला तर मला उत्तर नाही). बॅटरी डिकीत नेली. तिचे वजन तेवढेच राहिले, जागा बदलली. काट्यावर ३,३२५ पौंड. ३१५ पौंडांची, म्हणजे सुमारे १४३ किलोंची घट. पुढच्या चाकांवर आता ५३ टक्के.

शर्यतवाल्यांचा एक ठोकताळा आहे की शंभर पौंड कमी झाले की पाव मैलात सेकंदाचा एक दशांश वाचतो. म्हणजे आमचे तीन दशांश वाचले. ते कुणाला हवे होते? शेजाऱ्यांना नव्हते. गाडीची गतिज ऊर्जा वस्तुमानाच्या प्रमाणात असते आणि थांबताना ती सारी उष्णता होऊन ब्रेकमध्येच जिरवावी लागते. १४३ किलो कमी म्हणजे प्रत्येक वेळी थांबताना नऊ टक्के कमी उष्णता. त्यावर आम्ही पुढे डिस्क बसवले, तो भाग वेगळा. पण खरी गंमत स्टिअरिंगची. घटलेल्या वजनातला बराचसा वाटा पुढच्या चाकांवरून उतरला होता. पहिल्या दिवशी शेजाऱ्यांनी गाडी गल्लीच्या टोकाला नेऊन वळवली, परत आणली, पुन्हा वळवली. असे पाच-सहा वेळा. मग खिडकीतून खांदा हलवून दाखवला.

शुद्धतावाद्यांच्या शास्त्रानुसार हा खून आहे. आच्छादनाखाली उंदरांनी आसन कुरतडलेली गाडी मात्र 'जगलेली' होती.

इथे विरोधी पक्षाचा सर्वांत बळकट मुद्दा टाळणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. तो मुद्दा असा की जुनी गाडी म्हणजे दस्तऐवज. जुन्या पोथीतली 'निरुपयोगी' पाने आपण फाडत नाही; बिडाचे हेड हेही त्या काळाच्या कारखानदारीचे पान आहे, मग ते हिशेबनिसाने लिहिले असो की कवीने. हे मला मान्य आहे. योगायोग पाहा, जीटीओ आणि थंडरबोल्ट आल्या त्याच १९६४ साली वास्तुसंवर्धनाची व्हेनिस सनद तयार झाली, आणि ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने पुढे तिच्याच धर्तीवर तुरीन सनद केली. तिच्यातले एक तत्त्व मला पूर्ण पटते: जो बदल कराल तो उलटवता यावा आणि तो ओळखू यावा. 'बुलिट' या १९६८ च्या चित्रपटातली मस्टँग जानेवारी २०२० मध्ये लिलावात शुल्कासह ३७ लाख ४० हजार डॉलरना गेली. तिला कोणी रंग दिला नव्हता, चित्रीकरणासाठी केलेले फेरफार कोणी मिटवले नव्हते. त्या गाडीचा एक नटही कुणी हलका करू नये. प्रसंगी मी स्वतः दारात आडवी पडेन. पण नीट पाहिले तर त्या गाडीचे मोल तरी कशात आहे? ती कारखान्यातून आली तशी राहिली यात नव्हे. कॅमेरे बसवण्यासाठी तिच्या पत्र्याशी झालेली झोंबाझोंबी तशीच राहिली, यात आहे. लोकांनी तिचे जे केले त्याचा ती दस्तऐवज आहे. आणि थंडरबोल्टचे काय? एखाद्याने तिच्यात हीटर, अस्तर आणि दुसरा वायपर बसवून तिला 'पूर्ण' केले तर तो तिचा नाशच करील. तिथे वजन वाढवणे हे पाप. म्हणजे मुद्दा वजनाचा कधी नव्हताच. प्रत्येक गाडीला तिचा स्वतःचा इतिहास विचारावा लागतो, आणि हे कष्ट टाळण्यासाठी 'काहीही बदलू नका' हा सरसकट नियम सोयीचा पडतो.

आमच्या मालिबूचे बिडाचे हेड, कॉम्प्रेसर, मूळ बॉनेट, सारे काही तेल चोळून, चिठ्ठ्या लावून फळीवर ठेवले आहे. चासीला एकही भोक पाडलेले नाही.

आणि भोकांचा विषय निघालाच आहे तर माझ्याच गोटातल्या मंडळींनाही दोन शब्द ऐकवले पाहिजेत. वजन कमी करण्याच्या नावाखाली जे चालते त्यातले बरेचसे अडाणीपणाचे असते. चासीला भोके पाडणारे कारखाने शर्यतीपुरता विचार करत होते. सडकेवर तेच केले तर भोकाच्या कडेपासून तडा सुरू होतो आणि तो कधी पोहोचेल हे सांगून येत नाही. आम्लात बुडवलेल्या शरीराच्या जोडांमध्ये आम्ल उरते आणि पत्रा आतून खात बसते. शेव्हेलला निदान स्वतंत्र चासी आहे. मस्टँग किंवा चॅलेंजर यांचे शरीर हाच त्यांचा सांगाडा, त्यातले एखादे 'निरुपयोगी' कोपरे कापले की दारे लागेनाशी होतात, मग सांगाडा आवळायला खालून पोलादी पट्ट्या घालाव्या लागतात आणि वाचवलेले वजन दामदुपटीने परत येते. सर्वांत संताप येतो तो १९६८ पासून सक्तीचा झालेला, धडकेत मोडून चालकाची छाती वाचवणारा स्टिअरिंग दांडा काढून तिथे सरळ नळी घालणाऱ्यांचा. अडीच-तीन पौंडांसाठी! पट्टे काढणारे, दारातली आडवी तुळई कापणारेही याच पंक्तीतले. ते वजन त्या गाडीतले एकमेव असे आहे की जे माणसाचा विचार करून घातले गेले, आणि नेमके तेच या वीरांना जड होते.

दुसरे टोक श्रीमंतांचे. विस्कॉन्सिनमधल्या स्पीडकोरसारख्या कार्यशाळा १९७० च्या चार्जरचे अख्खे शरीर कार्बन फायबरमध्ये घडवतात. कारागिरी थक्क करणारी आहे, यात शंका नाही. व्यवसाय म्हणून मी ती तासन्‌तास पाहू शकते. पण त्या हलक्या शरीरात हजार अश्वशक्तीचे इंजिन आणि ते पेलण्यासाठी भले थोरले ब्रेक, चाके आणि कातडी आसने येतात, तेव्हा शेवटी काट्यावर काय उरते हे जाहिरातीत सहसा लिहिलेले नसते. डॉजने २०१८ च्या डेमनमध्ये तर शेजारचे आसन काढून गाडी हलकी केली आणि हवे असेल तर तेच आसन एका डॉलरला परत विकले. विनोद म्हणून हे मला आवडले होते. त्याच कंपनीची २०२४ ची विजेवर चालणारी चार्जर डेटोना ५,८३८ पौंडांची आहे. आमच्या मालिबूवर पाऊण मालिबू आणखी रचली तरी काटा तिथवर कसाबसा पोचेल. तिच्या बॅटरीचा नाइलाज मी समजू शकते. तिला मसल कार म्हणण्याचा नाइलाज कुणाला होता, ते कळत नाही.

पण या दोन्ही टोकांपेक्षा मला हाताची घडी घातलेल्या गृहस्थांचा राग अधिक येतो, कारण त्यांच्या हातात किंमत ठरवण्याची सत्ता आहे. 'क्रमांक जुळणारी' गाडी अमुक पटीने महाग, हा नियम इतिहासप्रेमातून आलेला नाही, लिलावातून आलेला आहे. त्या सत्तेचे पावित्र्य किती, ते शेव्हेलवरूनच दिसते. १९७० च्या शेव्हेलच्या व्हीआयएन क्रमांकावरून ती एसएस आहे की नाही हे कळत नाही. कारखान्याचा मूळ कागद हाती असेल तरच खात्री. परिणामी साध्या मालिबूंना एसएसचे बिल्ले, पट्टे आणि जड बिग-ब्लॉक इंजिने चढवून त्या राजरोस उभ्या असतात, आणि कागद न मागता त्यांच्यासमोर माना डोलवल्या जातात. खोटी गाडी योग्य वजनाची असली तर चालते. खरी गाडी हलकी झाली की चालत नाही.

परवा शेजाऱ्यांनी नवी कुरबूर काढली आहे. पुढचा बंपर. क्रोम केलेला, पोलादी, दोन माणसांनी उचलावा असा. ॲल्युमिनियमचा बनवून घ्यावा आणि मूळचा फळीवर ठेवावा, असे त्यांचे म्हणणे. मी विरोधात आहे. तो बंपर सुंदर आहे, आणि दुसरे म्हणजे फळीवर आता जागा नाही. ते म्हणतात, जागा करू. डिसेंबरात गाडी आत घेतली की पाहू.